सिंगल साइन-ऑनच्या खात्याला टू-फॅक्टर पडताळणी लावताना या चुका टाळा

नाशिकमधील सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांचे संगणक आणि ऑनलाइन खाती सांभाळण्याचे काम मी करतो. तिथे आता बिले, हजेरी, ग्राहकांशी पत्रव्यवहार असे सगळे वेगवेगळ्या ऑनलाइन सेवांवर चालते, आणि कर्मचारी त्या प्रत्येक सेवेत गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून शिरतात. यालाच सिंगल साइन-ऑन म्हणतात: ओळख एकाच ठिकाणी पटवली जाते आणि बाकीच्या सेवा त्या ठिकाणाचा शब्द मानतात. अशा खात्याला टू-फॅक्टर पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर ओळख पटवण्याची दुसरी पायरी, लावताना काही चुका नेहमी होतात.

सर्वांत अधिक गोंधळ इथेच होतो. एका कारखान्यातील लेखापाल मॅडमनी मला फोन करून सांगितले, "सर, बिलांच्या सेवेत टू-फॅक्टरचा पर्यायच दिसत नाही, सकाळपासून शोधते आहे." तो दिसणार नव्हता, कारण त्या सेवेकडे त्यांचा पासवर्डच नव्हता, त्यांची ओळख गूगल पटवत होते. अशा वेळी दुसरी पायरी लावायची ती गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात. ती एकदा तिथे लावली की त्या खात्याने उघडणाऱ्या सर्व सेवांना तिचे संरक्षण मिळते.

मात्र तेवढ्यावर थांबणे ही दुसरी चूक, आणि माझ्या मते तीच अधिक घातक आहे. अनेक सेवांमध्ये 'पासवर्ड विसरलात?' या दुव्यावरून त्याच ईमेलसाठी वेगळा पासवर्ड तयार करता येतो. तो कधी काळी केलेला असेल, तर जुन्या नाशकातल्या वाड्याच्या दिंडी दरवाजाला अडसर घालून परसदार उघडे ठेवावे, तशी अवस्था होते. प्रत्येक सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन असा पासवर्ड असल्यास तो काढून टाकावा. काढता येत नसेल, तर त्या मार्गालाही स्वतंत्र टू-फॅक्टर लावावे. कंपनीचे खाते असेल, तर अ‍ॅडमिनने शक्य तिथे फक्त सिंगल साइन-ऑननेच प्रवेश मिळेल अशी सक्ती करावी. त्याच वेळी एक आणीबाणीचे अ‍ॅडमिन खाते या व्यवस्थेबाहेर ठेवून त्याला स्वतःची सुरक्षा-किल्ली (ओळख पटवणारे छोटे उपकरण) द्यावी, नाहीतर ओळख पटवणारी सेवा बंद पडली की अ‍ॅडमिनही बाहेरच राहतो.

कंपनीचे गूगल वर्कस्पेस (गूगलची कंपन्यांसाठीची सेवा) खाते दुसऱ्याच ओळख-सेवेतून उघडत असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. अशा वेळी गूगलची स्वतःची दुसरी पायरी विचारली जाईलच असे नाही. विचारली जात नसेल, तर ती त्या ओळख-सेवेत लावावी लागते, किंवा साइन-ऑननंतरची पडताळणी वर्कस्पेसच्या अ‍ॅडमिनने मुद्दाम चालू करावी लागते.

तिसरी चूक आपल्याकडे फार दिसते: सर्वांनी एकच खाते वापरायचे आणि ओटीपी मालकांच्या मोबाइलवर मागवायचा. मालक पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघालेले असतात, कसारा घाटातील बोगद्यांत रेंज जाते आणि इकडे कार्यालयात सगळे काम थांबते. प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि स्वतःच्या फोनवर ऑथेंटिकेटर अ‍ॅप हाच यावरचा योग्य उपाय आहे. त्या अ‍ॅपला कोड दाखवण्यासाठी नेटवर्क लागतच नाही, कारण सुरुवातीला क्यूआर कोडमधून मिळालेली गुप्त किल्ली आणि फोनचे घड्याळ यांवरून ते कोड तयार करते. म्हणूनच तो क्यूआर कोड कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नये. ज्याच्याकडे तो फोटो आहे, त्याला नवी किल्ली घेतली जाईपर्यंत तुमचे कोड पाहता येतात.

कोड बरोबर टाकूनही नाकारला जात असेल, तर आधी फोनची वेळ पाहावी. ही पद्धत २०११ मध्ये प्रमाणित झाली आणि तिच्यात कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो, त्यामुळे घड्याळ मिनिट-दोन मिनिटांनी पुढे-मागे असले तरी जुळणी बिघडते. तारीख आणि वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की बहुतेक वेळा अडचण सुटते. घड्याळ बरोबर असेल, तर अ‍ॅपमध्ये एकाच ईमेलच्या दोन नोंदी आहेत का ते पाहावे, कारण बिलांच्या सेवेचा कोड गूगलच्या पानावर टाकला जाणे ही नेहमीची गोष्ट आहे.

टू-फॅक्टर लावल्यावर आधीपासून उघडी असलेली उपकरणे बाहेर काढली जातीलच असे नाही. शिवाय गूगलमधून बाहेर पडले तरी इतर सेवांमधील लॉग-इन चालूच राहू शकते. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवून प्रत्येक सेवेतील चालू लॉग-इन हाताने बंद करावीत.

फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड घेतल्याशिवाय पान बंद करू नये. गूगल ८ अंकी १० कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये ठेवले तर खाते अडकल्यावर हाती लागणार नाहीत, म्हणून छापून चेकबुकांसोबत तिजोरीत ठेवावेत. फोन बदलताना जुन्या फोनमधील माहिती पुसण्यापूर्वी नव्या फोनवर कोड सुरू करावेत, आणि ब्राउझरची मूळ खिडकी लॉग-इन अवस्थेतच ठेवून वेगळ्या खाजगी खिडकीत एकदा पूर्ण प्रवेश करून पाहावा.