शेकानंतर शौचावर ताबा राहत नाही? या चुका टाळा

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कर्करोगासाठी किरणोपचार, म्हणजे रुग्णांच्या बोलीतला ‘शेक’, घेतलेल्यांसोबत मी नागपुरात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे, आणि त्याच त्या चुका पाहून आता कंटाळले आहे. प्रोस्टेटच्या लगेच मागे मलाशय असते. किरणांचा काही मारा त्याच्या पुढच्या भिंतीवर बसतो, ती भिंत पुढे ताठर होते आणि मल साठवण्याची जागा कमी पडू लागते. म्हणून एकाएकी घाई होते आणि कधी कपडेही खराब होतात.

शौचातून रक्त दिसताच ‘मूळव्याध आहे’ असे स्वतःच ठरवून टाकणे, ही माझ्या मते सर्वांत घातक चूक. एका निवृत्त गुरुजींना शेक संपून दीड वर्षाने रक्त दिसले. ते वस्तीतल्या मूळव्याधवाल्याकडे गेले. शेकाचा विषय त्यांनी काढला नाही, त्यानेही विचारला नाही, आणि तिथे इंजेक्शन देऊन झाले. किरणांमुळे रक्तपुरवठा घटलेल्या जागी झालेली ती जखम पाच महिने भरली नाही. पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीला घेण्यापूर्वी तज्ज्ञही विचार करतात, कारण अशा जखमेतून मार्ग फुटून ती मूत्रमार्गापर्यंत जाऊ शकते. तेव्हापासून मी प्रत्येकाला शेकाच्या कागदाची प्रत पाकिटात ठेवायला लावते आणि दार उघडताच ती डॉक्टरांसमोर ठेवा म्हणते. रक्त नेमके कशामुळे आले हे दुर्बिणीच्या तपासणीशिवाय कळत नाही. ते किरणांमुळेच असेल तर आर्गॉन वायूच्या साह्याने रक्तस्राव थांबवण्यासारखे उपाय आहेत.

दुसरी चूक अधीरांची. गुदद्वाराच्या स्नायूंचे व्यायाम आठ दिवस करून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडले आहे. फरक जाणवायला साधारण तीन महिने लागतात. वायू रोखतो तसे स्नायू आत ओढून पाच-सहा सेकंद धरावेत, मग तेवढेच सैल सोडावेत. श्वास कोंडू नये, नितंब आवळू नयेत. बहुतेक जण नेमके नितंबच आवळतात.

बाहेर जायचे म्हणून पाणी तोडू नका. मे महिन्यात नागपुरात हे केल्यास चक्कर येऊन पडाल. तर्री पोहे आणि सावजी रस्सा काही दिवस सोडून बघा. इसबगोल कमी पाण्यात घेऊ नका.

लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. आत घट्ट मलाचा खडा साचून त्याच्या कडेने पातळ मल झिरपत असेल, तर ही गोळी तो खडा आणखी घट्ट करते. डॉक्टरांनी ती सांगितलीच, तर पहिला दिवस घरीच काढा, सीताबर्डीच्या गर्दीत नव्हे.