बाळाचा स्वेटर विणताय? या चुका टाळा, आणि सगळ्यात आधी सुईचा नंबर बघा

लोकरीच्या दुकानात गर्दी दिसली की पायरीवरूनच परत फिरणारी आणि घरी कोपऱ्यात बसून मोबाइलवर बघत विणकाम शिकणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यात वावगं काहीच नाही. विणकाम हा गप्प बसून करायचाच उद्योग आहे. फक्त शेजारी बसून ‘अगं, दोरा पुढे घे’ म्हणणारं कुणी नसतं. मग त्याच त्या चुका होतात, ‘माझ्या हातातच ही कला नाही’ असं ठरतं आणि अर्धा स्वेटर पिशवीतून माळ्यावर जातो. बहुतेक वेळा हात चांगला असतो. घोळ पहिला टाका घालायच्या आधीच झालेला असतो.

सुईचा नंबर

आपल्याकडे दुकानात सुया जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात. नंबर वाढला की सुई बारीक होते: 14 नंबर म्हणजे 2 मिलिमीटर, 10 म्हणजे 3.25, 8 म्हणजे 4 आणि 6 म्हणजे 5. अमेरिकी नंबर नेमके उलटे चालतात. तिथली 6 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, 8 नंबरची 5 मिलिमीटरची आणि 10 नंबरची चक्क 6 मिलिमीटरची. म्हणजे 6 आणि 8 हे दोन सर्रास लागणारे नंबर इकडे-तिकडे अदलाबदल होऊन बसलेत.

आता एक नेहमीचा प्रकार बघा. बारशासाठी पांढरा स्वेटर करायचा. व्हिडिओ अमेरिकेतला, त्यात सांगितलं ‘नंबर 6’. दुकानात जाऊन 6 नंबरची जोडी मागितली, दुकानदारानं दिली. चूक दोघांचीही नाही. हिशोब होता पुढच्या भागाला 54 टाके आणि पाठीला 54, 10 सेंटिमीटरला 22 टाके, म्हणजे छातीचा घेर 49 सेंटिमीटर. जाड सुईवर 10 सेंटिमीटरला 18 टाकेच बसले. पाठ 30 सेंटिमीटर रुंद झाली, म्हणजे दोन्ही भाग मिळून घेर 60 वर जाणार. बाळ बारा दिवसांचं आणि स्वेटर अडीच-तीन वर्षांच्या पोराचा!

गोष्ट इथे थांबली असती तर निदान तो स्वेटर दोन वर्षांनी वापरता आला असता. पण पाठ मोठी झालेली दिसल्यावर नवशिकीला वाटतं, आपला हात सैल पडतोय. मग पुढचा भाग ती दोरा ओढून-ओढून घट्ट विणते. तो 27 सेंटिमीटरवर येतो, उंचीलाही आखूड होतो आणि बाजू शिवायला घेतल्या की एक कड दुसरीला पुरत नाही. ओढून शिवलं तर शिवणीला चुण्या पडतात. इथे एकच उपाय, सगळं उसवायचं. उसवलेली कुरळी लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लडी करा, दोन-तीन जागी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा आणि पिळा न देता वाळवा. खरी लोकर असेल तर कुरळेपणा बराचसा जातो.

यावर माझी सवय सोपी आहे: नंबर विसरायचा आणि मिलिमीटर विचारायचे. बोलायचा संकोच असेल तर चिठ्ठीवर ‘4 मि.मी.’ लिहून पुढे करा. आजीच्या डब्यातल्या सुयांच्या टोप्यांवरचे नंबर पुसलेले असतात. त्यासाठी जाड पुठ्ठ्याला माहीत असलेल्या मापाच्या सुयांनी भोकं पाडून पट्टी करून ठेवा. जी सुई ज्या भोकात न अडकता, न डगमगता बसेल, तिचं ते माप.

नमुना न विणणं

नमुना म्हणजे माप बघायला आधी विणलेला छोटा तुकडा. त्याला वेळ नाही म्हणणाऱ्यांना चाळीस मिनिटं सापडत नाहीत, पण उसवायला चार संध्याकाळी सापडतात. 30 टाके घाला, एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट आणि एक सुई उलट असं 13 सेंटिमीटर विणा, धुऊन सपाट वाळवा आणि मग मधले 10 सेंटिमीटर मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी वेडेवाकडे असतात. पट्टी ठेवताना कापड ताणू नका. हवेत त्यापेक्षा टाके जास्त भरले तर जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक. हाताचा ताण मुद्दाम बदलायच्या भानगडीत पडू नका. तो पाचव्या ओळीला मूळ पदावर येतो.

54 टाक्यांचे 61 होतात

याची मुख्य कारणं दोन. पहिलं ओळीच्या सुरुवातीला घडतं. दोरा सुईवरून मागे टाकला की पहिला टाका ओढला जाऊन त्याचे दोन पाय वर दिसतात. नवशिका ते दोन टाके समजून दोन्ही विणतो. दोरा सुईखालून मागे न्या. दुसरं कारण बॉर्डरमध्ये, म्हणजे कडेच्या ताणल्या जाणाऱ्या पट्टीत, सापडतं. 1 सुलट 1 उलट विणताना सुलट टाक्यानंतर दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा आणि उलट टाक्यानंतर तसाच मधून मागे न्यायचा. तो सुईवरून गेला की एक टाका वाढतो आणि तिथे भोकही पडतं. बॉर्डर पूर्ण होईपर्यंत प्रत्येक सुई संपल्यावर टाके मोजा, पुढे दर दहा सुयांनी मोजले तरी चालतं.

टाके वाढलेले कळल्यावर पुढच्या ओळीत दोन-दोन एकत्र विणून आकडा जुळवायचा शॉर्टकट सगळेच सांगतात. आकडा जुळतो, पण भोक आणि फुगलेली कड तशीच राहते. तीन-चार ओळी मागे असेल तर उसवाच.

गळा डोक्यातून जात नाही

बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर, सहा महिन्यांनी 43 च्या आसपास. टाके घालताना आणि बंद करताना बहुतेकांचा हात आवळतो, त्यामुळे विणलेलं कापड ताणलं जातं पण कड ताणत नाही. या दोन ओळींपुरती दोन नंबर जाड सुई घ्या: 10 वर विणत असाल तर 8 ची. शिवाय एका खांद्याला दोन-तीन बटणांची फट ठेवा. लहान बाळाला डोक्यावरून घालायचं काहीच आवडत नाही, म्हणून मी तर पुढून उघडा स्वेटरच सुचवेन.

बाकीच्या, थोडक्यात

ओळ अर्धी सोडून उठू नका. फोन वाजलाच, तर परत आल्यावर दोरा ज्या सुईच्या शेवटच्या टाक्याला असेल ती सुई उजव्या हातात घ्या.

निसटलेल्या टाक्याला आधी सेफ्टी पिन लावा, हळहळ नंतर. सुलट बाजूनं क्रोशाची सुई घालून एकेक आडवा दोरा त्यातून वर ओढत आणा.

लोकर एकदाच घ्या, लेबलवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) पाहून. एक गोळा जास्तच घ्या. पांढऱ्यातही लॉटचा फरक उन्हात दिसतो.

नवा गोळा ओळीच्या मधोमध गाठ मारून जोडू नका. कडेला जोडा, 15 सेंटिमीटर शेपूट सोडा आणि ते नंतर शिवणीत ओवा.

दोन्ही बाह्या एकाच जोडीवर, दोन वेगळ्या गोळ्यांनी, एकदम विणा. लांबी जुळवत बसावं लागत नाही.

गळ्याला रिबीन किंवा गोंडे लावू नका. गळ्याभोवती आवळू शकतं आणि तोंडातही जातं.

निफाडच्या थंडीत लोकर ठीक आहे. कोकणातल्या बाळाला सुती धाग्याचं विणा. पण सुती धागा ताणल्यावर लोकरीसारखा परत आक्रसत नाही, त्याची बॉर्डर लवकर सैल पडते, म्हणून ती आणखी बारीक सुईवर घ्या.

इस्त्री

कडा गुंडाळल्या जातात म्हणून अनेकजण शेवटी इस्त्री फिरवतात आणि महिन्याची मेहनत एका मिनिटात घालवतात. सुलट-उलट विणीच्या कडा वळणारच, तो दोष नव्हे, बाजू शिवल्या की त्या बसतात. शिवाय बाजारातली बरीचशी ‘लोकर’ अ‍ॅक्रिलिक असते. तिला गरम इस्त्री टेकली की वीण चपटी, चकचकीत आणि लुळी होते, आणि ती पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. भाग ओले करा, टॉवेलवर मापात पसरा, कडेनं न गंजणाऱ्या टाचण्या लावा आणि पंख्याखाली वाळू द्या.

शिवून झालं की बटणं ओढून बघा. देताना लोकरीचं लेबल, चार-पाच मीटर उरलेली लोकर आणि एक जादा बटण कागदात गुंडाळून पिशवीत टाका. धुवायचं कसं हे लेबलवर असतं, त्यामुळे बारशाच्या गर्दीत समजावत बसावं लागत नाही.