गावची चरनोई मेंढ्यांनी खरवडली असेल तर काय करायचं

इंदूरात राहून महू, मानपूर, चोरलकडे वाडवडिलांची शेती सांभाळणारे आपले बरेच लोक आहेत, आणि तिकडच्या टेकाडांवरची चरनोई (गावाची सामाईक चराईची जमीन) उघडी पडली, नुसता मुरूम दिसतो ही तक्रार जवळपास सगळ्यांची. पहिला उपाय सुचतो तो म्हणजे राजस्थानी रेवडं (मेंढ्यांचे फिरते कळप) हाकला. थांबा जरा, तीच रेवडं आपल्याच शेतात बसवून घेतो ना आपण खतासाठी?

आधी आयर्लंडचं बघा, कारण तिथे सरकारनेच घोळ घातला आणि सरकारलाच निस्तरावा लागला. १९८० पासून युरोपचं अनुदान दर मेंढीमागे मिळायला लागलं, मग काय, सामाईक डोंगरांवर जो तो मेंढ्या वाढवत गेला, मेयोसारख्या भागात हेदरची झुडपं संपली आणि खालची माती वाहायला लागली. तिथल्या रेड ग्राउस या पक्ष्याचा अधिवास सांभाळला नाही म्हणून २००२ मध्ये युरोपच्या कोर्टाने आयर्लंडविरुद्ध निकाल दिला. त्याआधीच १९९८ पासून एकेका सामाईक डोंगराची पाहणी करून किती मेंढ्या कमी करायच्या ते ठरवायला सुरुवात झाली होती, भरपाईही दिली. २००५ मध्ये अनुदान मेंढ्यांच्या संख्येपासून तोडलं, माझ्या मते खरा इलाज हाच. म्हणजे आकडा जमिनीवरून काढायचा, मालकावरून नाही.

तर आपल्याकडे सुरुवात पटवाऱ्यापासून. खसरा (जमिनीची गट-नोंद) आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनीवरच्या हक्कांची नोंद) काढा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम २३७ प्रमाणे गावच्या शेतजमिनीच्या किमान २ टक्के जागा चराईसाठी ठेवायची असते, ती कागदावर किती आणि जागेवर किती हे आधी मोजून घ्या, कारण अर्ध्या भांडणांत दोष मेंढ्यांचा नसतोच, कुणीतरी नांगर घातलेला असतो (त्यासाठी कलम २४८ खाली तहसीलदाराकडे अर्ज).

आता खरं काम, गवत तोलायचं. सप्टेंबरच्या शेवटी, चरलं नाही अशा आठ-दहा ठिकाणी एक मीटर बाय एक मीटर चौकट टाका, आतलं गवत कापा, कडक वाळवा, तोला. समजा सरासरी २०० ग्रॅम आलं, म्हणजे हेक्टरी २,००० किलो. यातलं अर्धं सोडून द्यायचं, मुळं जगायला आणि माती धरायला, यात घासाघीस नको. उरले १,०००. तीसेक किलोची मेंढी दिवसाला साधारण १ किलो सुकं खाते, तर आठ महिने चारायला हेक्टरी चारच मेंढ्या झाल्या. आकडा ऐकून लोक चिडतील, चिडू दे, वजन त्यांच्यासमोरच करा. गाईम्हशी धरायच्या असतील तर युरोपात एक मेंढी ०.१५ गाय धरतात, म्हणजे एका गाईला साधारण सात मेंढ्या. आणि शेडा, मारवेल अशी चांगली गवतं कमी होऊन सगळीकडे कुसळी न् टाकळाच दिसत असेल तर त्याहूनही कमी धरा.

मग चरनोईचे तीन-चार तुकडे पाडा आणि दर पावसाळ्यात एक पूर्ण बंद, बी पडेपर्यंत. सरसकट चराईबंदी हिवरे बाजारला जमली, पण तिथे गावाने एकदिलाने ठरवलं होतं आणि चारा कापून न्यायची सोय होती, आपल्याकडे नुसती बंदी घातली तर रात्री चोरून चारतील. आयर्लंडलाही पुढे कमाल आकड्यासोबत किमान आकडा ठरवावाच लागला, चराई फारच कमी झाली तरी डोंगर बिघडतो.

बाहेरच्या रेवडवाल्यांशी पंचायतीनेच बोलायचं, किती मेंढ्या, किती दिवस, कुठला तुकडा, आणि जमलं तर चरनोईऐवजी कापणी झालेल्या शेतांत बसवायचं. फी प्रत्येक मेंढीमागे लावली तर पंचायतीला जास्त मेंढ्या हव्याशा वाटतील, तेव्हा तुकड्यावर लावा.

हे सगळं तोंडी ठेवू नका. चराईच्या अटी निस्तार पत्रकात लिहायची तरतूद कलम २३५ मध्ये आहे, आणि मागणी केली तर चौकशी होऊन त्यात बदल करता येतो. गवताची वजनं, नकाशा आणि हक्कदारांची यादी घेऊन २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा, मेंढ्या पाळणाऱ्या घरांना मात्र आठवडाभर आधी जाऊन भेटा.