सातच्या शोला तीन वाजता पोचा

नागपुरात बँडचे लाइव्ह व्हिडिओ करायची हौस असलेली पोरं-पोरी भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कॅमेरा कोणता घेऊ?" मी उलट विचारते, शो सातला असेल तर तीनला पोचशील का? कॅमेऱ्याचं काय, तो भाड्यानं मिळतो. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी तर चांगली लेन्सही बऱ्या भावात मिळते, कारण गावातल्या सगळ्या फोटोग्राफरांचं सामान घरी पडून असतं.

लाइव्ह शूटिंगचं खरं काम साउंड चेकच्या वेळी, म्हणजे शोआधी दुपारी बँड वाजवून आवाज तपासतो तेव्हा, होतं. गर्दी जमली, लाइट बंद झाले, ड्रमरनं काड्या आपटल्या की मग तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. दुपारी जे ठरवलं, जोडलं, टेप लावून चिकटवलं, तेच रात्री रेकॉर्ड होतं. आणि याबाबतीत आपण नागपूरकर नशीबवान आहोत. मोठ्या महोत्सवात पास, गेट, मॅनेजर आणि मॅनेजरचा मॅनेजर पार करेपर्यंत साउंड चेक आटोपलेला असतो. पुण्यात २०१० साली एनएच ७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तसल्या ठिकाणी नवख्या माणसाला दुपारी स्टेजजवळ कोण उभं करणार? (गंमत म्हणजे जुना एनएच ७ महामार्ग आपल्या नागपुरातून जातो. आता त्याला ४४ म्हणतात. महोत्सव मात्र निघाला पुण्यात.) आपल्याकडे व्हीएनआयटीचा 'आरोही', इतर कॉलेजांचे फेस्ट, धरमपेठ-सदरकडचे कॅफे, सिव्हिल लाइन्समधलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं आवार, असा सगळा मामला. नीट विचारलं तर दुपारी आत सोडतात, वर चहाही पाजतात.

आधी आवाजाचं बोलू. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात. आवाज फाटला की अंगठा पुढच्या व्हिडिओवर गेलाच समजा. म्हणून आत शिरल्यावर स्टेजकडे न जाता थेट मिक्सरकडे, म्हणजे सगळे माइक आणि वाद्यं जिथे जोडलेली असतात त्या टेबलाकडे, जा. तिथे बसलेला साउंडवाला त्या संध्याकाळचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे, आणि त्याच्याशी कोणी धड बोलत नसतं. आयोजक ओरडतो, बँड तक्रार करतो. तुम्ही आधी नमस्कार करा, नाव सांगा आणि मग विचारा: "भाऊ, एखादा ऑक्स मोकळा आहे का? केबल माझी, रेकॉर्डर माझा, तुमच्या बटणाला हात लावणार नाही." (ऑक्स म्हणजे मिक्सरमधून आवाज वेगळा बाहेर काढायची जोडणी.) बहुतेक वेळा उत्तर येतं, "घ्या ना, पण आवाजात घूं आली तर मले म्हणू नका."

ती घूं येते, आणि तिचं कारण बहुधा साधं असतं. मिक्सर एका प्लगवर, तुमचा रेकॉर्डर चार्जर लावून दुसऱ्या प्लगवर, म्हणजे अर्थिंगचे दोन रस्ते झाले आणि त्यातून ५० हर्ट्झची वीज गुणगुणायला लागते. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा, निम्म्याहून जास्त वेळा घूं तिथेच थांबते. तरी राहिली तर मध्ये डीआय बॉक्स ही छोटी डबी लावून तिचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे अर्थिंगचा रस्ता तोडणारं, बटण दाबा. रेकॉर्डरचं इनपुट माइकवर नाही, लाइनवर ठेवा. मिक्सरमधून येणारा सिग्नल माइकच्या कितीतरी पट जोरदार असतो, तो माइकच्या इनपुटमध्ये घातला की पहिल्याच कोरसला आवाजाच्या चिरफळ्या. फँटम पॉवर (काही माइकना केबलमधून दिली जाणारी वीज) बंद. ऑक्स पोस्ट-फेडर, म्हणजे मिक्सरच्या सरकत्या बटणांच्या (फेडरच्या) नंतरचा, मागा, म्हणजे साउंडवाला गिटार वर-खाली करेल तसा तुमचा आवाजही बदलेल. लेव्हल ठरवताना हे लक्षात घ्या की साउंड चेकला कोणीही जीव तोडून वाजवत नाही. रात्री समोर मित्रमंडळी दिसली की गायक वरच्या पट्टीत जातो, ड्रमर दुप्पट जोरात हाणतो, फेडरही वर सरकतात. दुपारी सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे १८ डेसिबलच्या आसपास राहू दे. ३२ बिट फ्लोटवाला (खूप मोठा आवाजही न फाटता साठवणारा) रेकॉर्डर असेल तर ही चिंता बरीच कमी होते, पण मिक्सरमध्येच फाटलेला आवाज तोही शिवून देत नाही.

मिक्सरची लाइन मिळाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं मात्र नाही. छोट्या कॅफेत ड्रम आणि गिटारचा अँप आपल्याच जोरावर ऐकू येतात, त्यामुळे साउंडवाला ते स्पीकरमधून जवळजवळ सोडतच नाही. मग तुमच्या लाइनमध्ये गायिका अगदी कानाशी आणि ड्रमर शेजारच्या गल्लीत. यावर उपाय म्हणजे हॉलमध्ये वेगळा माइक किंवा स्टिरिओ रेकॉर्डर, शक्य तर मिक्सरच्याच जागी, डोक्यांच्या वर. घरी दोन्ही मिसळायचे. टाळ्या, शिट्ट्या, मागून कोणी 'वन्स मोअर' ओरडलेलं, हे सगळं त्या दुसऱ्या माइकमध्ये येतं. नुसत्या मिक्सरच्या लाइनवर केलेला लाइव्ह व्हिडिओ ऐकताना बँड रिकाम्या खोलीत वाजवतोय असं वाटतं.

एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानात कॅमेरा स्टेजपासून २५ मीटर मागे असेल तर त्याच्या माइकपर्यंत आवाज पोचायला ७० मिलिसेकंदांच्या वर लागतात. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेमचा उशीर. एडिटिंगमध्ये सॉफ्टवेअरनं कॅमेऱ्याच्या आवाजाशी मिक्सरचा आवाज जुळवला की तो उशीर जशाच्या तसा मिक्सरच्या ट्रॅकला लागतो. स्क्रीनवर आवाजाच्या लाटा तंतोतंत जुळलेल्या दिसतात, तरी ड्रमची काडी आधी आपटते आणि आवाज मागून येतो. अशा वेळी आवाज दोन फ्रेम आधी येईल असा सरकवा आणि स्नेअरवर (ड्रमरच्या पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर) पडणारी काडी बघत तपासा. ओठांपेक्षा काडीवर चूक लवकर सापडते.

चित्राचं थोडक्यात सांगते, त्यावर शिकवणारे पुष्कळ आहेत. फक्त ते शिकवणारे बरेचसे अमेरिकेतले. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून ते ३० फ्रेम आणि एक साठांश सेकंदाचं शटर सांगतात. आपली वीज ५० हर्ट्झची. कॉलेजच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली एक साठांश लावलं की भिंत धडधडताना दिसते. २५ फ्रेम, एक पन्नासांश, विषय संपला. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर तिच्यावरच्या आडव्या पट्ट्यांचं गणित वेगळं असतं, ते साउंड चेकच्या वेळीच शटर किंचित इकडेतिकडे करून सोडवावं लागतं. आणि लाइटवाल्याला निळ्या-जांभळ्याचं भारी प्रेम. त्या प्रकाशात कॅमेऱ्याचा मीटर 'सगळं ठीक' म्हणतो आणि गायकाच्या गालावरचा सगळा तपशील उडालेला असतो. एक्स्पोजर चेहऱ्यावर, थोडं कमीच ठेवा, व्हाइट बॅलन्स ऑटोवर कधीच नको. लाइटवाल्याला "चेहऱ्यावर समोरून थोडा पांढरा द्या की" असं दुपारी म्हटलं तर तो देतो. रात्री त्याला तुमचा आवाजही ऐकू येत नाही.

एक कॅमेरा ट्रायपॉडवर, अख्खं स्टेज दिसेल असा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न हलवता. दुसरा हातात. १०० एमबीपीएसनं ४के केलं तर तासाला ४५ जीबी जातात, त्या हिशेबानं कार्ड घ्या. काही जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. युरोपात अर्धा तास आणि त्यापुढे रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर जास्तीचा कर होता, तो चुकवायला कंपन्यांनी ही मर्यादा घातली आणि त्याचा भुर्दंड आपण सीताबर्डीवरून घेतलेल्या सेकंडहँड कॅमेऱ्यावर भरतोय. दोन गाण्यांच्या मध्ये बंद-चालू करत राहा. बँडकडून गाण्यांची यादी घ्या आणि एकच गोष्ट विचारा: कुठल्या गाण्यात कोण पुढे येतं?

हातातला कॅमेरा कधी कुठे वळवायचा हे बघायचं असेल तर १४ एप्रिलच्या सुमारास वस्त्यांमध्ये होणाऱ्या भीमगीतांच्या कार्यक्रमांना जा. तिथे शूटिंग करणाऱ्या जुन्या मंडळींना कोरस कधी उचलणार, ढोलकीवाला कधी तोडणार हे आधीच कळतं. तान सुरू व्हायच्या आत कॅमेरा तिथे पोचलेला असतो. आपल्या इंडीवाल्यांना, म्हणजे स्वतंत्र बँडच्या मंडळींना, तिकडे जायचं सुचत नाही, हे मला कायम खटकतं.

आता मुलाखत. ती शो संपल्यावर घ्यायची असा सगळ्यांचा बेत असतो आणि तो सहसा फसतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ला उघड्यावरचे स्पीकर बंद करावे लागतात. वर्षातले १५ दिवसच राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. कार्यक्रम उशिरा सुरू झालेला, शेवटचा बँड दहाच्या आत कसाबसा उरकलेला, लगेच सामान गाडीत भरणं, कोणाला पुण्याची ट्रॅव्हल्स गाठायची, कोणाचं पोट सावजीकडे ओढ घेतंय. साउंड चेक आणि शो यांच्या मधला तास-दीड तास मोकळा असतो. बँड तयार असतो, कंटाळलेला असतो आणि बोलायला त्याला कोणीतरी हवंच असतं.

जागा शोधताना स्टेजच्या मागे जाऊ नका. तिथे जनरेटर असतो, शिवाय बेसचा आवाज मागेही तितकाच घुमतो. पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी ही माझी आवडती जागा. काचा वर, एसी बंद, गायक पुढच्या सीटवर, तुम्ही शेजारी, कॅमेरा डॅशबोर्डवर. सीटचं कापड आवाज शोषून घेतं आणि माणूसही जरा सैल बोलतो. हे जानेवारीत जमतं. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीत कोणाला बसवाल तर मुलाखत नाही, उष्माघात होईल. फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला घ्यायची हौस असेल तर माइकला केसाळ कव्हर घाला, तलावावरचा वारा साध्या स्पंजला दाद देत नाही. गर्दीत वायरलेस कॉलर माइक मधूनच तुटतो, कारण त्यातले स्वस्त माइक ज्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात तिथेच वायफाय आणि ब्लूटूथही असतं. वायरवाला हातात धरायचा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरा. दिसायला जुनाट, ऐकायला स्वच्छ.

"तुमचा प्रवास कसा सुरू झाला?" हा प्रश्न विचारलात की पाठ केलेलं उत्तर येतं. रियाझाची खोली कोणाच्या घरी आहे, शेजारी काय म्हणतात, दुसऱ्या गाण्यात ती गिटार वेगळी का लावली होती, हे विचारा. हे प्रश्न सुचायलासुद्धा साउंड चेक बघितलेला असावा लागतो. उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थोडं थांबा. माणूस त्या शांततेत खरं काहीतरी बोलतो. हिंदी-मराठीची सरमिसळ झाली तर होऊ द्या, आपण सगळे तसेच बोलतो.

परवानगीचं काम कंटाळवाणं पण टाळू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ए नुसार सादरीकरणाचं रेकॉर्डिंग करू देणं हा कलाकाराचा हक्क आहे. आयोजकानं पास दिला म्हणजे बँडनं होकार दिला असं होत नाही. सुरुवातीला व्हॉट्सॲपवर एवढं लिहून घेतलं तरी पुष्कळ: "अमुक तारखेच्या आमच्या कार्यक्रमाचं आणि मुलाखतीचं शूटिंग करायला व ते यूट्यूब-इन्स्टाग्रामवर टाकायला आमची हरकत नाही. टाकण्याआधी आम्हाला दाखवावं." बँडनं दुसऱ्याचं गाणं गायलं असेल तर त्या गाण्याच्या चालीचे आणि शब्दांचे हक्क तिसऱ्याच कोणाकडे असतात. अशा व्हिडिओवर दावा येऊ शकतो, म्हणून आधी बँडची स्वतःची गाणी टाका.

पैशाचं विचाराल तर छोट्या बँडकडे ते नसतात. माझं घर लग्नांवर चालतं. बँडला मात्र एक गोष्ट हवी असते आणि ती तुम्ही देऊ शकता: अख्ख्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तीन महिन्यांनी देण्यापेक्षा एक गाणं, नीट मिसळलेलं, त्याच आठवड्यात. पुढच्या शोला आयोजकाकडे तेच तुमचं नाव घेतात. आणि कानात प्लग घाला. १०० डेसिबलच्या आवाजात सुरक्षित वेळ १५ मिनिटांची धरतात, आणि तुम्ही तर स्पीकरच्या पुढ्यात दोन तास उभे राहणार.

यंदा सुरुवात करायची असेल तर दिवाळी झाल्या झाल्या कॉलेजच्या कल्चरल सेक्रेटरीला गाठा आणि साउंडचं कंत्राट कोणाकडे आहे तेवढं विचारून ठेवा. फेस्टच्या आठवड्यात सेक्रेटरी फोन उचलत नाही, साउंडवाला उचलतो.