स्मार्टवॉचची बॅटरी: सेन्सर बंद करण्याआधी स्क्रीनकडे बघा

बॅटरी टिकत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी हृदयाचे ठोके मोजणं बंद करतात, मग झोपेची नोंद, मग जे जे दिसेल ते. शेवटी हातात राहतं एक साधं घड्याळ, जे वर चार्जही करावं लागतं. मी नेमकं उलट करते. ज्या कामासाठी घड्याळ घेतलं ते काम शेवटपर्यंत चालू ठेवायचं आणि आधी स्क्रीन विनाकारण किती वेळा, किती वेळ पेटते ते हुडकायचं. घरातल्या सगळ्यांची घड्याळं सेटिंगसाठी माझ्याकडेच येतात आणि बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

या घड्याळांत बॅटरी असते तरी केवढी? आजच्या फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी सर्रास मिळते. गॅलक्सी वॉच ६ च्या ४० मिमी मॉडेलमध्ये ती ३०० आहे आणि ४४ मिमीमध्ये ४२५. म्हणूनच फोनमध्ये जाणवतही नाहीत अशा सवयी घड्याळात दुपारपर्यंत अंगाशी येतात.

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी एक मोजणी करा. रात्री स्लीप मोड लावून झोपा, तेव्हाचे टक्के लिहून ठेवा, सकाळी उठल्यावर पुन्हा बघा. रात्री स्क्रीन बंद असते, त्यामुळे जी घट दिसते ती सेन्सर, ब्लूटूथ आणि आतल्या यंत्रणेची. समजा सात तासांत ७ टक्के गेले, म्हणजे तासाला १. आता व्यायाम वगैरे न केलेल्या साध्या दिवसाची घट काढा. ती तासाला ४ निघाली तर वरचे ३ टक्के मुख्यतः स्क्रीन आणि नोटिफिकेशन खातायत. अशा वेळी हृदयाचे ठोके बंद करून तुमच्या पदरात काय पडणार? उलट रात्रीच तासाला तीन-चार टक्के जात असतील तर स्क्रीन निर्दोष आहे. मग घड्याळ रीस्टार्ट करा, नुकतंच टाकलेलं एखादं अ‍ॅप काढून बघा. मोठं अपडेट येऊन गेलं असेल तर एक-दोन दिवस थांबा, कारण त्यानंतर काही काळ आत बरीच आवराआवर चालू असते. आणि काहीही बदललं तरी एका वेळी एकच बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचं नाही.

स्क्रीन कुठल्या जातीची आहे हेही माहीत हवं. ओलेड स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड देतो आणि काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. एलसीडीत मागचा दिवा सगळीकडे सारखाच पेटतो, काळ्या डायलने तिथे काही वाचत नाही. ओळखायचं कसं? पूर्ण अंधारात काळ्या पार्श्वभूमीचा डायल लावून बघा. स्क्रीन कुठे संपते आणि कड कुठे सुरू होते हे कळलं नाही तर ओलेड. काळ्या भागात राखाडी झाक दिसली तर एलसीडी. माझ्या भावाचं धावण्याचं घड्याळ तिसऱ्याच प्रकारचं आहे, मेमरी-इन-पिक्सेल म्हणतात ते. गार्मिनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हीच स्क्रीन असते. तिच्यात ठिपका आपली अवस्था धरून ठेवतो आणि ऊन पडलं की अक्षरं आणखी स्वच्छ दिसतात. तिथे कायम चालू असलेल्या डायलची चिंताच नको, फक्त बॅकलाइट जपून वापरायचा.

आता डायल. ओलेड घड्याळात ऑलवेज ऑन, म्हणजे डायल कायम दिसत ठेवण्याची सोय, चालू असेल तर एकाच डायलची दोन रूपं असतात, एक हात वर केल्यावरचं उजळ आणि एक हात खाली असतानाचं मंद. लोक डायल निवडतात ते उजळ रूप बघून, आणि घड्याळ दिवसातला बहुतेक वेळ असतं मंद रूपात. म्हणून डायल लावल्यावर हात टेबलावर ठेवून घड्याळ मंदावू द्या आणि मान वाकवून नीट बघा. चांगल्या डायलमध्ये आकड्यांचा भरीव रंग जाऊन नुसती बारीक कड उरते, तारीख-हवामानाचे चौकोन फिके पडतात, सेकंद काटा नाहीसा होतो. काही डायल मात्र तसेच राहतात. पांढरी तबकडी पांढरीच, जरा अंधुक झालेली. तो डायल कितीही आवडला असला तरी बदला. फोटोच्या डायलमध्येही बरेच ठिपके पेटते राहतात. शिवाय डायलवर हवामान, शेअर, ठोके असे छोटे चौकोन जितके जास्त, तितकी माहिती ताजी करायची धावपळ जास्त. मी फक्त तारीख आणि पुढची भेट ठेवते.

ऑलवेज ऑन मुळातच बंद करावं का? ते हातावर अवलंबून आहे. दोन्ही हात कामात असताना नुसत्या नजरेने वेळ बघावी लागत असेल तर चालू ठेवा, ती सोय तेवढ्या टक्क्यांच्या मोलाची आहे. अ‍ॅपल वॉचमध्ये हे २०१९ च्या सिरीज ५ पासून आलं, कारण तेव्हा स्क्रीन सेकंदाला एकदाच ताजी करण्यापर्यंत खाली आणता आली. तरीही खर्च होतोच. बाकीच्यांनी सेटिंग्जमध्ये डिस्प्लेत जाऊन ते खुशाल बंद करावं.

ते बंद केलं की मनगट उचलल्यावर स्क्रीन पेटण्याची सोय महत्त्वाची ठरते, आणि खरी गळती बरेचदा तिथेच असते. संध्याकाळी दिवे मंद करून नेहमीची कामं करा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मनगटाकडे लक्ष ठेवा. कीबोर्डवरून माऊसकडे हात गेला, पेटलं. कपड्यांची घडी घातली, पेटलं. गाडीचं स्टिअरिंग वळवलं, पेटलं. कुणीही न बघता स्क्रीन दर वेळी पूर्ण उजेडाने लागते. असं फार होत असेल तर मनगट उचलण्याचा पर्याय बंद करून बोट टेकवल्यावर किंवा बटण दाबल्यावर पेटेल असं ठेवा. वेअर ओएस या गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या घड्याळांत हे डिस्प्ले किंवा जेश्चरमध्ये सापडतं. पेटल्यावर स्क्रीन किती वेळ राहावी हेही बघून घ्या. अ‍ॅपल वॉचमध्ये १५ सेकंद आणि ७० सेकंद असे दोन पर्याय असतात, त्यातले १५ पुरेसे आहेत.

आईचं घड्याळ मात्र मी वेगळं लावलं आहे. चष्मा नसला की तिला आकडे दिसत नाहीत, म्हणून ती ब्राइटनेस पूर्ण वाढवून ठेवायची. उजेड वाढवून अक्षर मोठं होत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर जाड पांढऱ्या आकड्यांचा डायल लावला, ब्राइटनेस ऑटोवर टाकला, आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ तिच्यासाठी लांबच ठेवली. तिला घाईघाईत वाचायला लावून टक्के वाचवायचे नाहीत मला.

ऑटो ब्राइटनेस एरवीही बरा. अ‍ॅपल वॉच सिरीज ९ ची स्क्रीन उन्हात २००० निट्सपर्यंत (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) जाते आणि अंधारात १ निटपर्यंत उतरते. एवढा पल्ला हाताने कोण सांभाळणार? फक्त लांब बाहीखाली घड्याळ गेलं की सेन्सरला अंधार वाटतो आणि स्क्रीन मंद दिसते. तेव्हा ब्राइटनेस वाढवू नका, बाही वर करा.

नोटिफिकेशनबद्दल थोडक्यात. प्रत्येक सूचना स्क्रीन पेटवते आणि कंपनाची मोटरही फिरवते. फोनमधल्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये जाऊन यादी छाटा. फोन, माणसांचे थेट मेसेज आणि कॅलेंडर पुरे. ग्रुप आणि जाहिराती मनगटापर्यंत येऊच देऊ नका.

एवढं करूनही भागलं नाही तरच सेन्सरकडे वळा. तिथेही आधी झोपेतलं रक्तातल्या ऑक्सिजनचं मोजमाप बंद करा, मग फोन जवळ असताना एलटीई (घड्याळाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क), आणि जीपीएस फक्त धावताना-चालताना. हृदयाचे ठोके आणि पडल्यावर इशारा देणारी सोय यांना मी हात लावत नाही, वयस्कर माणसाच्या घड्याळात तर नाहीच. म्हणूनच लो पॉवर मोड सरसकट लावून ठेवू नका. अ‍ॅपल वॉचमध्ये तो २०२२ च्या वॉचओएस ९ पासून आहे. सिरीज ८ सारख्या मॉडेलला १८ ऐवजी ३६ तास मिळतील असं कंपनी सांगते, पण त्यात ऑलवेज ऑनबरोबर पार्श्वभूमीत ठोके मोजणं आणि अनियमित ठोक्यांचे इशारेही बंद होतात. प्रवासात चार्जर नसेल तेव्हा तो लावा, पोहोचलात की काढा.

चार्जिंगला रात्रीची वेळ देऊ नका, नाहीतर झोपेची नोंद गेली. आंघोळीला जाताना घड्याळ काढून चार्जरवर ठेवा, त्याआधी मागची काच घाम पुसून कोरडी करा. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही, म्हणून उन्हातल्या खिडकीत किंवा बंद गाडीत चार्जिंग नको. आणि घड्याळ जुनं असेल तर बॅटरी हेल्थ नक्की बघा, अ‍ॅपल वॉचमध्ये ते सेटिंग्जमधल्या बॅटरीत मिळतं. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर डायल आणि ब्राइटनेसशी खेळत बसू नका, अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घ्या.