चिकटलं म्हणजे गिळलं नव्हे: फॅगोसायटोसिसच्या प्रयोगाआधीची तयारी

जानेवारीत एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरची मुलं लॅबमध्ये प्रोजेक्टला येतात. त्यातल्या कुणाला तरी मॅक्रोफेजना, म्हणजे बाहेरचे कण गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना, चमकणाऱ्या बीड्स (प्लास्टिकचे सूक्ष्म मणी) खायला घालून त्यांचे फोटो काढायचे असतात. पेशीच्या या गिळण्यालाच फॅगोसायटोसिस म्हणतात. प्रयोग वरवर सोपा वाटतो. पेशी वाढवा, बीड्स टाका, धुवा, मायक्रोस्कोपखाली बघा. दरवर्षी मी त्यांना जे तोंडी सांगते, ते इथे लिहून ठेवते आहे. आपल्या मुंबईत बरेचदा पेशी एका संस्थेत वाढतात आणि मायक्रोस्कोप दुसऱ्या संस्थेत असतो, तिथे दोन तासांचा स्लॉट मिळतो. अशांना हे जास्त उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा: ही बीड पेशीच्या आत आहे की नुसती वर चिकटली आहे, हे मी कशावरून सांगणार? याचं उत्तर तयार नसेल तर काहीच मागवू नका. पेशीच्या पाठीवर बसलेली एक मायक्रॉनची बीड वरून बघताना पेशीच्या हद्दीतच दिसते. फोटो सुंदर येतो आणि आकडा खोटा निघतो.

हे मी स्वतः भोगलं आहे. शिकत असताना मी पॉलिस्टायरीनच्या हिरव्या बीड्स वापरल्या होत्या. बाहेर राहिलेल्या कणांचा प्रकाश ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग विझवतो असं वाचलं होतं, म्हणून तो घातला. एकही बीड विझली नाही. सगळ्या आत गेल्या असं समजून मी तीन आठवडे मोजत बसले. मग एका सीनियर ताईंनी विचारलं, "चार अंशांची प्लेट कुठंय?" ती मी केलीच नव्हती. केली, तर बर्फावर ठेवलेल्या पेशींवरही जवळजवळ तितक्याच बीड्स, तितक्याच झगझगीत. बर्फावर पेशी कण धरून ठेवते, गिळत नाही. म्हणजे मी तीन आठवडे चिकटलेल्या बीड्स मोजत होते. कारण समजल्यावर फार साधं निघालं. त्या बीड्सचा रंग प्लास्टिकच्या आत मुरवलेला होता आणि ट्रिपॅन ब्लू तिथवर पोचतच नाही. तो विझवतो ते कणाच्या पृष्ठभागावर बांधलेलं एफआयटीसी (हिरवं चमकणारं रंगद्रव्य), उदाहरणार्थ झायमोसानवर (यीस्टच्या भिंतीच्या कणांवर) किंवा मारलेल्या जिवाणूंवर लावलेलं.

म्हणून कण निवडताना रंग नेमका कुठे आहे ते कॅटलॉगमध्ये वाचून घ्या. पृष्ठभागावर एफआयटीसी असेल तर ट्रिपॅन ब्लू चालतो, पण त्यातही एक गोम आहे. गिळलेला कण ज्या पिशवीत जातो ती हळूहळू आम्ल होते, आणि आम्लात एफआयटीसी मंदावतं. म्हणजे नीट गिळलेला कणच फिका दिसतो. पीएच-रोडो हा रंग याच्या उलट वागतो, आम्लात गेल्यावर पेटतो. जिवंत पेशींचा व्हिडिओ घ्यायचा असेल तर तो उत्तम. मात्र नुकताच आत गेलेला कण अजून अंधारात असतो, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांचे आकडे कमी येतात. फिक्स केलेल्या (रसायनाने पेशी जागच्या जागी स्थिर केलेल्या) स्लाइडवर मोजायचं असेल तर माझा कौल दोन रंगांच्या पद्धतीला आहे. आतून हिरव्या बीड्सवर सशाचं आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) चढवायचं, त्या पेशींना द्यायच्या, ठरलेली वेळ संपली की प्लेट बर्फावर घ्यायची आणि पेशींच्या पटलाला भोक न पाडता सशाच्या आयजीजीविरुद्धची लाल अँटिबॉडी घालायची. अँटिबॉडी आत शिरू शकत नाही. बाहेरची बीड हिरवी आणि लाल दोन्ही दिसते, आतली फक्त हिरवी. यात ट्रिपॅनची भानगड नाही, आम्लाचीही नाही.

पेशी लवकर मागवा. रॉ २६४.७ ही उंदराची मॅक्रोफेज लाइन (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशी) पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून मिळते. आल्यावर दोन-तीन पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) स्थिरावू द्या, सुरुवातीच्या पॅसेजच्या व्हायल्स गोठवून ठेवा आणि मायकोप्लाझ्मा या लपून राहणाऱ्या जिवाणूची चाचणी करून घ्या. या पेशी ट्रिप्सिनने सोडवू नका, स्क्रॅपरने हलकेच खरवडा, कारण ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिनं कापतं आणि बीड धरणारे रिसेप्टर तिथेच असतात. टीएचपी-१ या माणसाच्या पेशी वापरणार असाल तर पीएमए हे रसायन देऊन त्या तळाला चिकटवण्यात दोन-तीन दिवस जातात, तेवढे वेळापत्रकात धरा. माणसाचं रक्त किंवा उंदरातून काढलेल्या पेशी हव्या असतील तर एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय पुढचं वाचूसुद्धा नका.

कव्हरस्लिप दीड नंबरची घ्या, ०.१७ मिलिमीटर जाडीची. मायक्रोस्कोपचे चांगले ऑब्जेक्टिव्ह त्याच जाडीसाठी बनवलेले असतात. प्रिन्सेस स्ट्रीटवर नंबर न सांगता मागितली तर हाताला लागेल ती पुडीत येते, म्हणून डबीवरचा आकडा स्वतः वाचून घ्या.

आता बीड्सचा हिशेब. इथे सगळे अंदाजाने टाकतात आणि तिथेच फसतात. एक मायक्रॉन व्यासाच्या बीडचं वजन साधारण ०.५५ पिकोग्रॅम भरतं. अडीच टक्क्यांची बाटली असेल तर एका मिलीलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम प्लास्टिक, म्हणजे सुमारे ४,५०० कोटी बीड्स. ती शंभर पट पातळ केली की एका मायक्रोलिटरमध्ये साडेचार लाख. चोवीस खणांच्या प्लेटमध्ये एका कव्हरस्लिपवर १ लाख पेशी असतील आणि पेशीमागे १० बीड्स द्यायच्या असतील तर लागतात १० लाख, म्हणजे जेमतेम २.२ मायक्रोलिटर. एवढा थेंब प्रत्येक खणात वेगळा पिपेट केला तर खणाखणात फरक पडणारच. सगळ्या खणांपुरत्या बीड्स एकदम मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) मिसळा आणि प्रत्येक खणात अर्धा मिलीलिटर घाला. पहिल्या वेळी ५, १० आणि २० असे तीन आकडे करून बघा. पेशीत वीसेक बीड्सचा घोस झाला की त्या मोजताच येत नाहीत.

बाटलीतल्या द्रवात बहुतेक वेळा सोडियम अझाइड असतं. ते पेशींचा श्वास कोंडतं, आणि गिळायला तर ऊर्जा लागते. बीड्स तीनदा पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) धुवा, आयजीजी लावायला चार अंशांवर रात्रभर फिरवत ठेवा, उरलेली जागा बीएसए या प्रथिनाने भरा. वापरण्याआधी मिनिटभर बाथ सोनिकेटरमध्ये धरा आणि एक थेंब स्लाइडवर टाकून पाहा. बीड्स सुट्या दिसायला हव्यात. गुठळ्या असतील तर प्रयोग पुढे ढकला. पाणी आणि पीबीएस निर्जंतुक असून भागत नाही, त्यात एंडोटॉक्सिनही (जिवाणूंच्या भिंतीतलं विष) नको, नाहीतर मॅक्रोफेज आधीच खवळलेल्या असतात.

इथे थोडं थांबून एक आठवण काढावीशी वाटते. पेशी कण गिळतात हे ज्याने जगाला पटवलं त्या इल्या मेच्निकॉफने १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या. फ्लुओरेसन्स नाही, कॅमेरा नाही. १९०८ साली पॉल एर्लिखबरोबर त्यांना नोबेल मिळालं. त्यांचाच ओडेसातला विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन, १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत आलेला आणि इथेच प्लेगची लस तयार करणारा. परळला हाफकिन संस्थेच्या आवारातून जाताना मला दर वेळी वाटतं, हा विषय आपल्या शहराला परका नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी पेशी कव्हरस्लिपवर लावा. खण किती लागतील ते आधी मोजा, कारण कंट्रोल मागाहून आठवून चालत नाही. ३७ अंशांवर पाच, पंधरा, तीस आणि साठ मिनिटं. चार अंशांवर साठ मिनिटं. सायटोकॅलेसिन डी दिलेल्या पेशी, कारण ते ॲक्टिनची (पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाची) बांधणी रोखतं आणि ॲक्टिनशिवाय घास घेता येत नाही. सायटोकॅलेसिन डीएमएसओत विरघळवलेलं असतं, म्हणून तेवढंच डीएमएसओ दिलेला एक खण. बीड्सशिवाय फक्त लाल अँटिबॉडी दिलेला एक खण, कारण मॅक्रोफेज अँटिबॉडीचा मागचा भागही पकडतात. तो खण लाल दिसला तर अँटिबॉडीचा फॅब तुकडा, म्हणजे हा मागचा भाग नसलेला तुकडा, मागवावा लागेल. आणि लाल अँटिबॉडी अजिबात न घातलेला, फक्त हिरव्या बीड्सचा एक खण. हा शेवटचा खण मुलं हमखास गाळतात. या बीड्स इतक्या तेजस्वी असतात की त्यांचा हिरवा प्रकाश लाल चॅनेलमध्ये झिरपतो. आपल्या पद्धतीत लाल म्हणजे बाहेर. झिरपलेला प्रकाश तुमच्या आतल्या बीड्सना बाहेरच्या ठरवील. त्या स्लाइडवर लाल चॅनेल काळाकुट्ट दिसेपर्यंत एक्स्पोजर कमी करत न्यायचं, आणि मग तेच सगळ्या स्लाइड्सना ठेवायचं.

प्रयोगाच्या सकाळी बर्फ भरपूर आणा, मीडिया आणि पीबीएस आधीच गार करा. बीड्स घातल्यावर प्लेट गार सेंट्रिफ्यूजमध्ये हलक्या वेगाने फिरवली की बीड्स एकदम पेशींवर बसतात. मग ३७ अंशांचा मीडिया घातला की सगळ्यांचं घड्याळ एकत्र सुरू होतं. हे केलं नाही तर पाच मिनिटांच्या खणात निम्म्या बीड्स अजून तरंगतच असतात. वेळ संपली की बर्फ, गार पीबीएसने तीनदा धुणं, बर्फावरच लाल अँटिबॉडी, पुन्हा धुणं, आणि त्यानंतरच ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड पंधरा मिनिटं. क्रम उलटा करू नका, फिक्स करताना पेशीचं पटल थोडंफार उसवू शकतं. पटलाला भोकं पाडणारं ट्रायटन त्याच्याही नंतर, मग ॲक्टिन दाखवणारं फॅलॉइडिन आणि केंद्रक दाखवणारं डॅपी.

फॅलॉइडिन ६४७ या गडद लाल रंगाचं घ्या, म्हणजे हिरव्या-लालशी भांडण नाही. ते डोळ्यांना आयपीसमधून दिसत नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसतं. काही लागलंच नाही असं समजून स्लाइड फेकून देऊ नका. पाच मिनिटांच्या स्लाइडवर सावकाश शोधा. कुठेतरी एक बीड अशी सापडते की जिच्याभोवती ॲक्टिनचं कडं पाऊण पूर्ण झालं आहे आणि एका बाजूला फट आहे. फटीच्या बाजूला लाल कोर, कड्याच्या बाजूला काही नाही. अर्धी बाहेर, अर्धी आत, घास घेता घेता थांबलेली पेशी. ती दिसली की त्या दिवशीचं रंगकाम बरोबर झालं असं मी समजते. अशा बीड्स आत धरायच्या की बाहेर, हे मोजायला बसण्याआधी ठरवून वहीत लिहा. मी बाहेर धरते.

प्रवासाचं सांगते. स्लाइड्स माउंट करून रात्रभर अंधारात आडव्या वाळू द्या, कडा नेलपॉलिशने बंद करा. ओल्या स्लाइड्स डब्यात उभ्या घालून सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये चढलात तर पवईला पोचेपर्यंत कव्हरस्लिप सरकलेली असते. डब्याला फॉइल गुंडाळा, डबा पिशवीत तळाला सपाट ठेवा, शक्य तर अकरानंतरची गाडी पकडा. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त फिक्स केलेल्या स्लाइड्सचाच बेत करा. कुर्ला-सायनला पाणी भरलं की जिवंत पेशी वाटेत मरतात आणि स्लॉटही जातो, फिक्स केलेली स्लाइड मात्र फ्रिजमध्ये आठवडाभर थांबते. जिवंत पेशींचा व्हिडिओ घ्यायचाच असेल तर मायक्रोस्कोपवरचा हीटिंग चेंबर दोन-तीन तास आधी सुरू करायला ऑपरेटरना सांगून ठेवा आणि एसीचा झोत थेट स्टेजवर येत नाही ना ते बघा, नाहीतर फोकस सतत घसरतो.

जाण्याआधी ऑपरेटरना फोन करून चार गोष्टी विचारा: कोणते फिल्टर आहेत, ६४७ साठी प्रकाश आहे का, साठ पटीचा ऑइल ऑब्जेक्टिव्ह आहे का, डेटा कशावर न्यायचा. पाऱ्याचा दिवा असेल तर तो अर्धा तास आधी लावावा लागतो, एकदा बंद केला की गार होईपर्यंत पुन्हा लावायचा नाही.

स्लाइड्सवरची नावं मैत्रिणीला झाकायला सांगा, ती अ, ब, क लिहील, यादी तिच्याकडेच राहू द्या. फील्ड डॅपीच्या चॅनेलमध्ये निवडा. बीड्स बघून निवडलं तर हात आपोआप भरलेल्या पेशींकडे जातो. प्रत्येक स्लाइडवर निदान शंभर पेशी, ०.३ मायक्रॉनच्या टप्प्याने झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरचे एकापाठोपाठ फोटो). हिस्टोग्राम बघून सर्वांत तेजस्वी बीडसुद्धा कमाल मर्यादेला टेकणार नाही इतपत एक्स्पोजर ठेवा. फाइल मायक्रोस्कोपच्या मूळ फॉरमॅटमध्येच साठवा, जेपेग फक्त सरांना व्हॉट्सॲपवर पाठवायला. मोजणी फिजी या सॉफ्टवेअरमध्ये होते, ते फुकट आहे. आकडे दोन लिहा: शंभरातल्या किती पेशींनी निदान एक बीड गिळली, आणि एकूण आतल्या बीड्स भागिले एकूण पेशी. चार अंशांच्या स्लाइडचे हेच दोन आकडे त्यांच्या शेजारच्या रकान्यात हवेत.

निघताना ऑब्जेक्टिव्हवरचं तेल लेन्स पेपरने टिपून घ्या, घासू नका. पावसाळ्यात तेलावर आणि काचेवर बुरशी धरते, आणि तुमच्यानंतर चार वाजता ठाण्याहून आलेली कुणीतरी त्याच लेन्समधून बघणार असते.