टेस्टची साइट लपत नसते

सोलापुरात राहून वेबसाइटची कामं घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. कोडिंग तुम्हाला येतं, हे धरून चालतो.

माझं पहिलं मोठं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं. मालकांना दाखवण्यापुरतं मी 'टेस्ट' नावाचं सबडोमेन, म्हणजे मुख्य पत्त्याआधी नाव जोडून केलेला उपपत्ता, काढलं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, पत्ता खरा असल्याची खात्री देणारं फुकट सर्टिफिकेट बसवलं आणि अॅडमिनचा पासवर्ड सोपा ठेवला. पत्ता मला आणि मालकांनाच माहीत, मग कोण येणार? दुसऱ्या दिवशी लॉग उघडला तर लॉगिनवर शेकडो प्रयत्न. आठवड्याभरात टॉवेलच्या पानावर भलत्याच जाहिराती. मालकांसमोर उभा राहिलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. ती सकाळ अजून आठवते.

झालं काय, ते नीट समजून घ्या. २०११ मध्ये अशी सर्टिफिकेटं देणाऱ्या डिजिनोटार या डच कंपनीत घुसून गूगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं काढली गेली. तसं पुन्हा घडलं तर लगेच दिसावं म्हणून आता दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंद सार्वजनिक वहीत होते. याला सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी म्हणतात. नोंद नसेल तर क्रोम सर्टिफिकेट मानत नाही, म्हणून नोंद टळत नाही. तुम्ही सर्टिफिकेट काढलं की सबडोमेनचं नाव थोड्याच वेळात जगजाहीर होतं, आणि बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, ती वही सतत वाचत असतात. सगळ्या सबडोमेनांना मिळून एकच चालणारं वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घेतलं तर नोंदीत नावाऐवजी तारा दिसतो, पण 'टेस्ट' हे नाव अंदाजानंही सापडतं. म्हणून आधी सर्व्हरवरच पासवर्ड लावा, सर्टिफिकेट नंतर.

घाबरून जाऊ नका, तीच वही आपल्याही कामाची आहे. मी दर महिन्याला त्या वहीत शोधू देणाऱ्या क्रट डॉट एसएच या साइटवर माझ्या ग्राहकांची डोमेनं शोधतो. कुणीतरी सुरू करून विसरलेली सबडोमेनं तिथंच सापडतात.

उघड मांडलं की कामं हलतात, हे माझं ठाम मत. अमेरिकी सरकारनं २०१५ मध्ये आपल्या साइटांना २०१६ अखेरपर्यंत एचटीटीपीएसची, म्हणजे सर्टिफिकेट लावून सुरक्षित जोडणी देण्याची, मुदत दिली आणि कुणाचं झालं, कुणाचं राहिलं ते 'पल्स' नावाच्या पानावर नावानिशी लावलं. दुसऱ्याच्या साइटवरचं भोक मात्र आधी मालकाला किंवा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवा, चव्हाट्यावर मांडू नका. परवानगीशिवाय आत शिरलात तर आयटी कायद्याचं कलम ६६ लागू शकतं.

अपंगांसाठीच्या सोयींचंही तसंच. एका ओळीत साइट सुगम करून देणारं विजेट घ्या, असं सांगणाऱ्या सरांकडे शिकू नका. लाइटहाऊस या साइट तपासणाऱ्या टूलचे १०० गुणही पुरत नाहीत. माऊस बाजूला ठेवा, स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए लावा, डोळे मिटा आणि स्वतःच्या साइटवर दोन डझन टॉवेल मागवून बघा. माझा साइझचा पर्याय कीबोर्डनं उघडतच नव्हता. मालकांना विचारून ती उणीव आणि आमचा फोन नंबर साइटवरच लिहिला. तिसऱ्या दिवशी एका अंध गिऱ्हाईकाचा फोन आला: साइझचं कळलं, पण रंगाचं बटण नुसतं 'बटण' म्हणतंय.